नजराणाबंदीचं बदक

"पाहुण्यांचं माझ्यावर सोडा! अकरा वर्षांत एकही पाहुणा माझ्या हातून रुसून गेलेला नाही," असं सेराफिम बोस्तान किशिनाऊ या राजधानीतल्या संसदेत ज्याला-त्याला ऐकवत असे. परदेशी पाहुण्यांची सरबराई हेच त्याचं काम. त्या गुरुवारी सकाळी सभापतींनाही त्याने छातीठोकपणे हेच सांगितलं आणि आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

प्रसंग बाका होता. दुपारी तीनला नजराणाबंदी विधेयकावर मतदान! सरकारी माणसाने कुणाकडून फुकटची वस्तू घ्यायची नाही, घेतली तर परत करायची, एवढंच त्यात होतं. ते पार पडावं म्हणून लिथुआनियाच्या खासदार रासाबाई दोन वर्षं खेपा घालत होत्या. आपल्या देशात असाच कायदा त्यांनी भांडून करून घेतला होता. पन्नास मतं पक्की होती. एकावन्नावं लागत होतं खासदार तुदोर गुत्सूचं, आणि तुदोर अडून बसला होता. "बाईंना आधी माझ्या आईकडे न्या. आईला माणूस पटलं, तर मला कायदा पटला!"

आई म्हणजे मात्रोनाकाकू. गाव दोन तासांवर. रासाबाई, तुदोर आणि सेराफिम गाडीने तिथे पोचले. काकूंनी दारात पाव आणि मीठ पुढे केलं, गालाला गाल लावले आणि आंबट चेरीच्या मुरंब्याची बरणी रासाबाईंच्या हातात दिली.

"नको हो काकू," रासाबाई त्यांच्या भाषेत तोडकंमोडकं बोलल्या. "मी कुणाकडून काही घेत नाही."

काकूंचा चेहरा पडला. तुदोरच्या भुवया चढल्या. सेराफिम घाईने बाईंजवळ सरकला.

"बाई, घ्या!" तो कानाशी पुटपुटला. "बदल्यात तुम्हीही काहीतरी द्या. फिट्टंफाट झाली की नजराणा उरतोच कुठे?"

रासाबाईंनी पिशवीतून लिननचा टेबलक्लॉथ काढून दिला.

आता सेराफिम त्याच मातीतला. पाहुण्याची वस्तू ठेवून घ्यायची आणि त्याला तसंच वाटेला लावायचं, म्हणजे सात पिढ्यांची अब्रू वेशीवर टांगायची, हे त्याला ठाऊक नव्हतं? होतं! पण घाईत अक्कल गहाण पडली. काकू आत गेल्या आणि दहा लिटरचा वाइनचा बुधला घेऊन आल्या. फिट्टंफाट करायला सेराफिमने स्वतःची नवी छत्री दिली. काकूंनी भिंतीवरचा गालिचा उतरवला. रासाबाईंनी गळ्यातली अंबरच्या पिवळ्या मण्यांची माळ काढून दिली. काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी शेजारणीला हाक मारली, "लिदा, अगं ते मोठं बदक धर!"

"गाडी काढा!" रासाबाई किंचाळल्या. "सेराफिम, आता रुमाल जरी दिलात तर याद राखा!"

एक वाजला होता. तुदोर पुढच्या सीटवर खुशीत गुणगुणत होता. मागे बुधला, गालिचा आणि मधोमध रासाबाईंच्या मांडीवर बदक.

"नजराणाबंदीच्या दिवशी नजराण्यांनी भरलेली गाडी!" रासाबाई बदकाचे पंख दाबून धरत म्हणाल्या. "कुणी पाहिलं तर विधेयक मेलं. दोन वर्षं पाण्यात!"

"संसदेच्या मागच्या दाराने नेतो बाई. माझ्यावर सोडा!"

"तुमच्यावर सोडलं म्हणूनच हे बदक माझ्या मांडीवर आहे!"

मागचं दार बंद होतं. पुढच्या पायऱ्यांवर छायाचित्रकारांची ही झुंबड! सेराफिमने बदकावर गालिचा टाकला. बदकाने गालिच्यातून मान काढून काचेला चोच लावली. कॅमेरे कडाडले.

सभागृहात विरोधी बाकावरचे खासदार रुसू फोन नाचवत उठले. "बघा, बघा! आम्हाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईंनी येताना काय लुटून आणलंय!" हशा पिकला. पक्क्या पन्नासांतले दोघे-तिघे बुटांकडे बघू लागले. वरच्या सज्जात सेराफिमने डोकं धरलं. बिचाऱ्या बाईंची दोन वर्षं आपण एका बदकावर घालवली, या विचाराने त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

पाहुण्या म्हणून रासाबाईंना पाच मिनिटं मिळाली. लिहून आणलेलं भाषण त्यांनी बाजूला सारलं.

"बदक माझंच आहे," त्या म्हणाल्या. "असा कायदा करून घेतलेली बाई मी, आणि एका म्हातारीला मला नाही म्हणता आलं नाही. तिचं मन मोडवेना. त्या क्षणी 'काकू, मला घ्यायचंय हो, पण कायदा घेऊ देत नाही' एवढं म्हणायची सोय असती, तर मी सुटले असते. तेवढ्यासाठी तरी हा कायदा करा!"

तुदोर उठला. "माझ्या तळघरात लोकांनी आणून दिलेली एवढी वाइन आहे, की मी तिच्यात पोहेन. आणि प्रत्येक बुधल्यामागे एकेक काम! मलाही नाही म्हणता येत नाही. माझं मत हो!"

एकावन्न!

सेराफिम सज्जातून धावत खाली आला. "बघा बाई, म्हटलं होतं ना..."

"कायदा लागू व्हायला महिना आहे," रासाबाई म्हणाल्या, "पण माझ्यापुरता तो आत्ता लागू झाला. सगळं परत करून या. बदकासकट."

पुन्हा दोन तास! काकूंनी मुकाट्याने सगळं उतरवून घेतलं, टेबलक्लॉथ, छत्री आणि माळ परत केली. मग म्हणाल्या, "आत ये. गरम प्लाचिंता तळल्यात, चीज भरून."

"काकू, कायदा! घेतलेलं परत करावं लागतं!"

"मग कर की!" काकूंनी ताट पुढे सरकवलं. "आधी खा. नंतर जमलं तर परत कर."

सेराफिमने विधेयकाची कलमं मनातल्या मनात दोनदा वाचून काढली. सातवी प्लाचिंता तोंडात असताना रासाबाईंचा फोन आला. त्याने तो उचलला नाही.