अकरा सेकंदांचं हसू

पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ग्रंथपालांच्या मनात कधीच नव्हतं. उलट, आपण असं उत्तर लिहू की पार्कचे लोक ते चौकटीत घालून भिंतीवर लावतील, असा त्यांचा बेत होता. बेत चौदा महिने टिकला. पत्र तेवढे दिवस ज्ञानकोशाच्या आठव्या खंडात दडून राहिलं आणि त्या कपाटासमोरून जाताना ग्रंथपाल खिडकीबाहेर बघायला शिकले.

पत्र छोटंसंच होतं. 'आपल्या पत्नीचं जे हसू आमच्या राईडमध्ये गेली पंचवीस वर्षं वाजत आहे, ते काढून टाकण्याचा विचार आहे. आपली हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावं. उत्तर न आल्यास संमती आहे असं समजू.'

हरकत तर होतीच. पण हरकत सभ्यपणे कशी घ्यायची? पहिला मसुदा वाचून त्यांना स्वतःचीच भीती वाटली. दुसरा इतका नम्र झाला की वाचणाऱ्याने तो संमती म्हणूनच फाइलला लावला असता. तिसरा मसुदा म्हणजे मानवी हास्याचा नऊ पानी इतिहास होता आणि त्यात हरकत घ्यायची राहूनच गेली होती. चौथ्याच्या मायन्यावर अडले असताना तीस दिवस संपले. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही. कशी सांगावी, याचाही मसुदा चालू होता.

आता हे हसू काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

ग्रंथपालांची बायको हळू बोलणारी, हळू चालणारी बाई. दार लावलं तरी आवाज येऊ नये इतकी बेताची. पण हसू म्हणजे पत्र्याच्या जिन्यावरून भांड्यांचं कपाट घरंगळत खाली यावं आणि तळाशी पोचल्यावर त्या कपाटालाच मजा वाटावी, तसं. सव्वीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला वाचनालयात गेली होती. तिथे नव्या पार्कचा ध्वनिमुद्रणवाला बसला होता. चेटकिणीच्या गुहेसाठी त्याने एका नटीचं हसू मुद्रित करून आणलं होतं. तो ते ग्रंथपालांना ऐकवत होता.

"भीती वाटते का?" त्याने विचारलं.

ग्रंथपाल प्रामाणिक माणूस. "खोकल्यासारखं वाटतंय थोडं," ते म्हणाले.

ते ऐकून बायको हसली. वाचनालयातला एक सभासद हातातलं पुस्तक न नोंदवताच पळाला. ध्वनिमुद्रणवाल्याने डोळे मिटले आणि यंत्राचं बटण दाबत म्हणाला, "वहिनी, परत."

संमतीपत्रावर सही करताना ग्रंथपालांनी आयुष्यातलं एकमेव धाडस केलं. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'माझ्या लेखी परवानगीशिवाय हे हसू काढू नये.' आपण असं काही लिहू शकतो, याचं त्यांना पुढे कित्येक दिवस आश्चर्य वाटत होतं.

गुहा आठ वर्षं चालली. मग लोक घाबरेनासे झाले आणि गुहेचा समुद्रमहाल झाला. समुद्रही शिळा झाल्यावर त्याचा परग्रह झाला. पण पार्कचे जुने मिस्त्री सांगत तेच खरं: कपडे बदलतात, हालचाल बदलत नाही. शवपेटीतून उठून बसणारा सांगाडा आधी खजिन्याच्या पेटीतून उठणारा समुद्री चाचा झाला, मग झोपेच्या नळकांड्यातून उठणारा अंतराळवीर. उठायचं तेवढंच आणि पडायचंही तेवढंच. चेटकिणीला शेपूट लावून जलराणी केली, शेपूट कापून महाराणी केली. तिच्यासमोर गाडी अकरा सेकंद थांबे, तिचा जबडा उघडे आणि ग्रंथपालांची बायको हसे. तीन पदांवर तिने असं काम केलं. एकदाही बदली झाली नाही.

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती राईड दाखवायची. कोणी चकित होई, कोणी जरा लांब सरकून बसे. फक्त थोरल्या जाऊबाई मान्य करत नसत. "मशीन आहे ते," त्या म्हणत. "माणूस असं हसत नाही. आणि आपल्या घरातली बाई तर नाहीच नाही."

गेल्या मंगळवारी जाऊबाई चार दिवस राहायला आल्या आणि बायकोने जेवताना जाहीर केलं, "उद्या पार्कला जायचं. ताईंना आता कानाचं यंत्र बसवलंय. या वेळी नीट ऐकू आलं नाही असं म्हणता यायचं नाही."

ग्रंथपालांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "ऊन फार आहे," ते म्हणाले.

"राईड आत आहे."

"गर्दी असेल."

"बुधवारी?"

"माझा गुडघा..."

"बसायचंच असतं तिथे. चालायचं कुठंय?"

"भाऊजी यायला नको म्हणतायत," जाऊबाई वरणाची वाटी पुढे करत म्हणाल्या. "त्यांनाही ठाऊक असेल मशीनचं."

बायकोने ताटं उचलली. मग तिने उद्यासाठी साडी काढून ठेवली, चांगल्यातली.

दुसऱ्या दिवशी पार्कच्या आत पोचल्यावर ग्रंथपालांनी पाटी वाचली आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने मागे राहिले. जिथे परग्रह होता तिथे गुलाबी कमान होती. 'फुलपाखरांचं राज्य. पाच वर्षांखालील बाळगोपाळांसाठी.'

"परत बदललं वाटतं," बायको खुशीत म्हणाली. "चला, आता मी फुलपाखरांची राणी."

सांगायचं तर हीच वेळ होती. ग्रंथपालांनी तोंड उघडलं. सुरुवात 'एक गोष्ट आहे' अशी करावी की 'तुला आठवत असेल' अशी, हे ठरेपर्यंत त्या दोघी रांगेत पुढे गेल्या होत्या.

गाडी फुलाच्या आकाराची आणि मापाने बाळगोपाळांची होती. तिघं तीत बसली तेव्हा सहा गुडघे हनुवटीला टेकले. पुढच्या आणि मागच्या फुलांत आया आणि त्यांची चिल्लीपिल्ली. मंद संगीत सुरू झालं आणि फुलं अंधारात शिरली.

डाव्या हाताला कोशातून एक अळी उठून बसली. "हा आपला शवपेटीतला," बायकोने जाऊबाईंना ओळख करून दिली, एखाद्या लग्नात दूरचा नातेवाईक दाखवावा तशी. पुढे टोपीवाला माळी मोठी कात्री वर नेऊन धाडकन खाली आणत होता. "आणि हा मुंडकी उडवायचा. आता गवत कापतो. बरा मार्गी लागला." एका भल्यामोठ्या पाकळीकडे बघून ती थबकली. "अहो, हा शार्कचा पर आहे ना?"

"हो," ग्रंथपाल म्हणाले. ते वळणं मोजत होते. अजून तीन राहिली होती. मग दोन. एखादी तार तुटून गाडी इथेच बंद पडेल तर किती चांगलं होईल, असं त्यांच्या मनात आलं. पण मिस्त्री फार चांगलं काम करत.

गाडी थांबली. समोर फुलपाखरांची राणी, पंख पसरून. तिने हळूहळू जबडा उघडला, पूर्वीइतकाच, म्हणजे एखादं फूल अख्खं गिळता येईल इतका. आणि त्या जबड्यातून आवाज आला: किणकिण.

"थांबा, येईल," बायको म्हणाली.

किणकिण.

"घंटी छान आहे," जाऊबाई म्हणाल्या. "यंत्रातून अगदी स्वच्छ ऐकू येतेय."

"अहो, माझं हसू कुठंय?"

"काढलं," ग्रंथपाल आपल्या गुडघ्यांना म्हणाले.

"कोणी?"

"यांनी. पण विचारलं होतं त्यांनी."

"कोणाला?"

"मला. पत्र आलं होतं."

"मग तुम्ही काय कळवलंत?"

"मी मसुदा करत होतो."

"कधीपासून?"

"चौदा महिने झाले."

बायकोने चिडण्यासाठी तोंड उघडलं. ती खरोखरच चिडली होती, हे ग्रंथपालांना अंधारातही कळलं. पण 'मसुदा' हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता. लग्नाला होकार कळवायला याच माणसाने तीन महिने घेतले होते, आणि होकाराच्या पत्राला दोन तळटीपा होत्या. राग घशापर्यंत आला, तिथे त्याला त्या तळटीपा भेटल्या आणि बाहेर पडलं ते भलतंच.

कपाट जिन्यावरून निघालं. पहिल्या वळणावर बशा गेल्या, दुसऱ्यावर पातेली. राणीचा जबडा नेमका उघडा होता, त्यामुळे पुढच्या-मागच्या सगळ्यांची खात्री पटली की ते फुलपाखराच्याच पोटातून येतंय. जाऊबाईंनी कानातलं यंत्र उपटून मुठीत धरलं. अकरा सेकंद संपले, गाडी हलली, तरी हसू थांबेना. चौदा महिन्यांचा साठा होता. कोणीतरी खूण केल्यासारखी सगळी मुलं एकदम रडायला लागली. एक आई पुढच्या फुलातून उठून उभी राहिली आणि एका पाकळीवर आपटली. कुठेतरी कोणीतरी लाल बटण दाबलं आणि झगझगीत दिवे लागले.

दिव्यांच्या उजेडात राज्याची पार रया गेली. फुलांच्या रंगाखाली ग्रह दिसत होते, ग्रहांखाली लाटा आणि लाटांखाली गुहेचा काळा दगड. अळीच्या जाळीतून सांगाड्याच्या बरगड्या डोकावत होत्या. मिस्त्री हातात पाना घेऊन धावत आले, बायकोसमोर थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, तुम्हीच ना त्या?" ते म्हणाले. "वर्षभर त्या जबड्याला घंटी बांधून बसलोय. मन लागत नव्हतं कामात."

तिघांना कार्यालयात नेण्यात आलं. व्यवस्थापिका तरुण होती. तिच्या टेबलावर तोवर तीन तक्रारी आल्या होत्या.

"आजी, लहान मुलांच्या राईडमध्ये तुम्ही मुद्दाम किंचाळलात, असं लिहिलंय."

"किंचाळले नाही. हसले."

"असं कोणी हसतं का?"

बायकोने मान खाली घातली. चांगल्यातली साडी, आणि समोर नातीच्या वयाची मुलगी जाब विचारतेय. आपण काहीतरी म्हणायला हवं हे ग्रंथपालांना कळत होतं. त्यांनी घसा खाकरला. पण त्यांच्या आधी जाऊबाई उठल्या. कानातलं यंत्र त्यांनी सावकाश जागेवर बसवलं.

"हसते," त्या म्हणाल्या. "ही अशीच हसते. माझ्या डोळ्यांदेखत हसली. आमच्या घरातल्या बाईला खोटं ठरवायचं काम नाही."

बायकोने मान वर केली. "अहो, ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "ताई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"मी इथल्यापुरतं म्हटलं," जाऊबाई म्हणाल्या. पण सव्वीस वर्षांची तटबंदी पडली होती. आणि ती दोन साक्षीदारांसमोर पडली होती.

व्यवस्थापिकेने कपाटातून एक जाड फाइल काढली. "म्हणजे हे हसू तुमचं. मग ते पत्राला उत्तर न देणारे गृहस्थ..."

ग्रंथपालांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"आजोबा, तुमच्यामुळे ही फाइल बंद होत नाहीये. आम्ही लिहिलं होतं की उत्तर आलं नाही तर संमती समजू. आमचे वकील म्हणतात, तुमची ओळ आहे 'लेखी परवानगीशिवाय', तेव्हा समजून चालणार नाही. हसू बंद केलंय, पण टेप खोडता येत नाही. तुम्ही एकदा लिहून द्या. हो किंवा नाही."

"नाही म्हटलं तर?" बायकोने विचारलं.

"तर कुठेतरी वाजवावं लागेल. पण कुठे? इथे आता सगळं गोग्गोड झालंय."

मिस्त्री दाराशीच उभे होते. "बंद होण्याच्या वेळेला लावू," ते म्हणाले. "संध्याकाळी सहा वाजले तरी लोक हलत नाहीत. शिट्ट्या मारून मारून रखवालदाराचे गाल दुखतात. हे एकदा लावलं की पाच मिनिटांत मैदान मोकळं."

"म्हणजे," बायकोने सावकाश विचारलं, "माझं हसू ऐकून लोक घरी जाणार?"

"आमच्याकडेही तसंच व्हायचं," जाऊबाई म्हणाल्या.

बायकोला पुन्हा हसू येईल की काय, या भीतीने व्यवस्थापिकेने खुर्ची मागे घेतली. पण बायको विचार करत होती. चेटकीण, जलराणी, महाराणी. आणि आता अख्खा पार्क एका हसण्यासरशी रिकामा करणारी बाई. तिने नवऱ्याकडे बघून मान डोलावली.

"मी घरी जाऊन व्यवस्थित मसुदा करून..." ग्रंथपाल म्हणाले.

"नाही," चौघंही एकदम म्हणाली.

पण उत्तर टपालानेच यायला हवं होतं. तसा नियम होता, आवक शिक्का लागल्याशिवाय फाइल हलणार नव्हती. म्हणून व्यवस्थापिकेने विक्रीच्या दुकानातलं एक पोस्टकार्ड मागवलं, एका बाजूला फुलपाखरांची राणी असलेलं. ग्रंथपाल ते घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसले. एका बाजूला बायको बसली, दुसऱ्या बाजूला जाऊबाई. मिस्त्री टपालपेटीशी उभे राहिले, ती पळून जाऊ नये अशा बेताने.

ग्रंथपालांनी लिहिलं, 'महोदया, माझ्या पत्नीचं हसू काढून टाकण्यास माझी हरकत आहे.' मग पेन तसंच धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"आता काय?" बायकोने विचारलं.

"उशिराबद्दल दिलगिरी..."

"ती तुम्ही माझ्याकडे व्यक्त करा. घरी गेल्यावर. तोंडी."

त्यांनी सही केली, पत्ता लिहिला, तो दोनदा तपासला आणि पेटीपाशी गेले. पत्र फटीत अर्धं गेलं आणि थांबलं. बायकोने एका बोटाने ते आत ढकललं. तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज आला.

त्याच क्षणी ग्रंथपालांना 'हरकत' या शब्दाहून कितीतरी चांगला शब्द सुचला. त्यांनी पेटीच्या फटीत दोन बोटं घातलीसुद्धा. पण तोवर बायकोने त्यांचं मनगट धरलं होतं.