कोमट पाण्याची परीक्षा

मुकादम मॅडम कुणालाही गांडुळाला मेलं म्हणू देत नसत.

आमच्या बेलापूरच्या फार्मसी कॉलेजात त्या वनौषधींचे अर्क जंतांवर तपासत. पोटातले जंत मिळवणं आणि बशीत जगवणं कठीण, म्हणून त्यांच्या जागी गांडुळं. अर्कात सोडलेलं गांडूळ हलायचं थांबलं की ते एकतर लुळं पडलेलं असतं, नाहीतर मेलेलं. कोमट पाण्यात टाकलं की कळतं. लुळं असेल तर वळवळतं. आम्ही एकदा बुडवून मोकळे होत असू. मॅडम वाकून बघत बसत.

"घाई नको, पाटीलसर. विचार करतंय ते."

"गांडूळ विचार करतं?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

पुढची बॅच दारात, पाणी निवू नये म्हणून पंखा बंद, आणि टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असायचा. 'कोमटबाई' हे नाव मीच पाडलं.

एकदा तपासणीला पाहुणे आले. वावडिंगाच्या अर्कातलं गांडूळ मी त्यांच्यासमोर मृत जाहीर केलं. मॅडमनी ते कोमट पाण्यात सोडलं. पाहुण्यांचा चहा संपत आला तरी काही नाही. मी हसलो. तेवढ्यात ते ताठ झालं आणि बशीची कड ओलांडून बिस्किटांकडे निघालं.

"वालेकुम सलाम," मॅडम त्याला म्हणाल्या.

घरी काम नाही म्हणून बाई इथे वेळ काढतात, असंही मीच सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं, म्हणून आता हे लिहितोय.

निवृत्तीनंतर परवा पहिल्यांदा त्यांच्या करावे गावातल्या घरी गेलो. त्यांचे यजमान खुर्चीत टेकून बसवलेले. पक्षाघात, आम्ही सोबत नोकरी करत होतो तेव्हापासूनचा. कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता. त्यांचे पाय कोमट पाण्याच्या टबात, आणि मॅडम जमिनीवर बसून अंगठ्याकडे बघत होत्या.

"बसा सर. काल हलला होता. म्हणजे, मला तरी वाटलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तुमच्यासारखंच. फार लवकर बोलतात."

मीही वाकलो. दोघं बघत राहिलो. अंगठा होता तसाच. पाणी निवत चाललं.

"हलला का हो, सर?"

माझा पाय कधी थांबला होता, कळलंच नाही.

"गॅसवर अजून पाणी ठेवतो," मी उठत म्हणालो. "घाई नको, मॅडम."