झाकण काढून दाखव

आमचे महादेवकाका हॉटेलात शिरले की टेबलाकडे जात नाहीत, थेट भटारखान्यात जातात. पातेल्यावरचं झाकण उचलतात, आत बघतात, पटलं तरच जेवायला बसतात. अकोल्यात एका आचाऱ्यानं झारा उगारून त्यांना बाहेर काढलं होतं. काका रस्त्यावर येऊन म्हणाले, "झाकन काढू देत नाही म्हंजे खालून करपलं हाय."

तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात ते वाचनालय सांभाळतात. कुठलीही नवी वस्तू आली की आधी स्क्रू काढून आत बघणार. घरचं घड्याळ त्यांनी उघडलं तेव्हापासून बंद आहे. पण त्याच्या आत काय आहे ते काकांना ठाऊक आहे. माझ्या घरी एकही पुस्तक नव्हतं. मी शिकलो तो काकांच्या कपाटांवर, ज्यांना त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. आज मी अमरावतीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. आवाजात नुसता जाळ.

"तुले मारून टाकलं लेका त्याइनं."

झालं होतं असं. अध्यक्षांच्या आग्रहानं वाचनालयात एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. बरीच वर्षं न आलेले सभासद त्यानं आपोआप पुसून टाकले, त्यात मीही. काकांनी कंपनीचा माणूस बोलावला.

"काका, सिस्टीमच तशी आहे."

"झाकन काढून दाखव."

"ते आम्हालाही उघडता येत नाही. आणि एवढ्याशा वाचनालयासाठी कंपनी बदल करत नसते."

ते 'एवढ्याशा' मला अजून झोंबतं. पुस्तकं गावाची, माणसं गावाची, आणि कोणाचं नाव ठेवायचं हे दूर बसलेल्या कोणीतरी न विचारता ठरवायचं? वर दरवर्षी नूतनीकरणाचे पैसेही मागायचे?

मी काकांना मुक्त सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं. कोणीही वापरावं, आत बघावं, हवं तसं बदलावं. काका खूश झाले. अध्यक्ष म्हणाले, "फुकटचं कुठं टिकते?"

"बिघडलं त उघडून पाहू," काका म्हणाले. "तुमचं त मेलं तरी उघडत नाही साहेब."

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन मी ते बसवून दिलं. नावं पुसण्याचा नियम बंद केला. काका एका बोटानं गेलेली नावं पुन्हा टाइप करत बसले. लग्न होऊन मोर्शीला गेलेली सुनीता. दुबईतला सलीम. मी.

"काका, यातलं कोण येणार आता पुस्तक न्यायला?"

"तू आला नं."

निघताना त्यांनी एक पुस्तक माझ्या नावावर चढवलं आणि परतीची तारीख टाकली दिवाळीची. मुदत पंधरा दिवसांची असते, असं मी म्हटलं.

"तो नियम बी बदलून टाकला मी," स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले. "आन् पोस्टानं पाठवू नको. मी घेनार नाही."