आरशामागची बाई

ऐकण्यात माझा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय! अहो, अर्धं आयुष्य मी टेलिफोन ऑफिसच्या तक्रार-खिडकीमागे काढलंय. लोक खिडकीत डोकं घालून असे ओरडायचे की माझ्या टेबलावरचे कागद उडायचे. मी एकेकाचं ऐकून घेतलं. मग पोरं मार्गी लागल्यावर, केस पांढरे व्हायला लागले असताना, समुपदेशनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. नवरा चहाच्या कपात हसला.

"तू? गप्प बसून ऐकणार?"

"बघाच तुम्ही!" मी म्हटलं.

थिअरीत मी वर्गात दुसरी आले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

नंतर आलं प्रत्यक्ष काम. आमच्या विभागात समुपदेशनाच्या दोन खोल्या आहेत आणि मधल्या भिंतीत ही एवढी मोठी काच! पलीकडून बघाल तर आरसा, अलीकडून बघाल तर खिडकी. युक्ती साधी. त्यांच्याकडे उजेड, आमच्याकडे अंधार. पलीकडे आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम लोकांशी बोलणार, अलीकडे आम्ही अंधारात बसून शिकणार. येणाऱ्यांना आधी विचारलेलं असतं, त्यांची ना नसते. त्यांचं बोलणं आमच्याकडे स्पीकरमधून ऐकू येतं. दोन्ही खोल्यांच्या दिव्यांची बटणं आमच्याच भिंतीवर. शेजारी आणखी एक बटण. ते दाबून बोललं की आवाज थेट पलीकडे जातो. अगदीच आणीबाणी असेल तर.

मॅडमनी नियम एकच सांगितला, पण तीनदा, आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून. "कशालाही हात लावायचा नाही."

त्या दिवशी आत होते बाप आणि लेक. सोफ्याच्या दोन टोकांना, मधे आणखी एक कुटुंब मावेल इतकं अंतर ठेवून. मुलीची आई जाऊन वर्ष होत आलेलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचे ते मांजरीशी! बाप मांजरीला म्हणायचा, "ताईला सांग, जेवण तयार आहे." मुलगी मांजरीला म्हणायची, "त्यांना सांग, मला भूक नाही." मांजर बिचारी दोघांच्या मधे बसून पाय चाटायची.

हे सगळं मॅडमनी हळूहळू काढून घेतलं. मग विचारलं, "आणि मांजर घरात नसली की?"

कोणी बोलेना.

मॅडमही बोलेनात! माझ्यापेक्षा वयाने लहान, चणीने चिमणीएवढी बाई, हात मांडीवर ठेवून शांत बसली. बाप बुटांकडे बघतोय, मुलगी नखं कुरतडतेय आणि ही नुसती बसलीय! माझ्या एका बाजूला जिराफ मान पुढे काढून थिजला होता. आमच्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगा तो. दुसऱ्या बाजूला डुलकीचा बिस्किट धरलेला हात तोंडाजवळ अडकला होता. डुलकी म्हणजे आमच्यातली नर्स. रात्रपाळी करून येते आणि अंधार दिसला की झोपते. पण आज तीसुद्धा जागी!

मला काही ते सोसेना. मुलीची हनुवटी थरथरायला लागली, तशी माझीही लागली. डोळ्यांतून धारा, चष्म्यावर वाफ. नीट दिसावं म्हणून मी काचेला नाक लावलं, तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात टेकला आणि कळवळून म्हणाले,

"अहो, बोला ना! इथे मांजर नाहीये!"

हात बटणांवर टेकला होता.

आकाशवाणी व्हावी तसा माझा आवाज पलीकडे घुमला! वर आमच्या खोलीतला दिवा भक्कन लागला. बापलेकींनी आरशात पाहिलं, तर आत तीन माणसं! एक मान, एक बिस्किट, आणि मधोमध काचेवर चपटं झालेलं माझं रडकं नाक!

"दिवा! दिवा घालवा!" जिराफ कुजबुजला.

मी घालवला की हो! पण त्यांचा.

आता ते अंधारात आणि आम्ही लख्ख उजेडात. म्हणजे काच फिरली! आम्हाला आमचीच तोंडं दिसायला लागली. पलीकडचं काही दिसेना. स्पीकरमधून मात्र सगळं ऐकू येत होतं. आधी काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. हसण्याचा होता. मुलगी हसत होती. मग बापही. हसता हसता त्याचा आवाज वेगळाच व्हायला लागला.

मी पुन्हा बटणाकडे झेपावणार, तेवढ्यात स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला. "दिवा राहू दे."

तेवढंच. मग त्या पुन्हा गप्प.

अंधारातून बाप म्हणाला, "मला ते कपाट उघडवत नव्हतं गं."

"म्हणून तिचे सगळे कपडे देऊन टाकलेस? मला न विचारता?"

"तिचा वास यायचा. दार उघडलं की मी तिथेच उभा राहायचो."

"मला तोच वास हवा होता, बाबा."



"निळा स्वेटर आहे," बाप म्हणाला. "तो नाही देववला. माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे."

आम्ही तिघं दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यांसारखे उभे. हलायची सोय नाही, ते बघत असतील तर! डुलकीच्या हातातलं बिस्किट घामाने मऊ पडलं होतं. आणि पलीकडे, त्या अंधारात, मॅडम काहीच करत नव्हत्या. एवढं मोठं काहीच न करणं मी जन्मात पाहिलं नव्हतं! मोठ्या डोंगराखाली उभं राहिल्यावर होतं तसं मला झालं. आपण किती लहान आहोत ते कळलं, आणि त्याचं वाईटही वाटेना.

सत्र संपलं. मॅडम मला बोलावणार हे नक्की, आणि कोर्समधून काढणार हेही नक्की. मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि काय रडू आलं म्हणता! हुंदके कॉरिडॉरभर. तेवढ्यात बापलेक बाहेर आले. मुलगी थांबली.

"काकू, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी... मी नापास होणार!" मी भोकाड पसरलं.

"पाणी आण गं यांना," बाप म्हणाला. लेकीला म्हणाला! थेट! ती पळत जाऊन घेऊनही आली. मग एक या बाजूला, एक त्या बाजूला बसले. मी बोलत राहिले. तक्रार-खिडकी, पोरं घरातून गेल्यावरची रिकामी दुपार, चहाच्या कपात हसणारा नवरा, सगळं. मुलीने मधेच पाठीवरून हात फिरवला. बापाने स्वतःचा रुमाल दिला.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. त्यांनी आमच्या तिघांकडे पाहिलं आणि बापलेकींना हळू आवाजात म्हणाल्या,

"तुमचं झालं की यांना आत पाठवा. घाई नाही."