टॉवेलखालचा सौदा

विकायला काहीही नसताना रोज दुकान मांडणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. सुदामराव. क्रांती चौकाजवळच्या आमच्या कॉम्प्लेक्ससमोर ते सकाळी येऊन बसतात, उजव्या हातावर पांढरा टॉवेल टाकतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारतात, "या पाव्हणं, बोला!"

गुरांच्या बाजारातला सौदा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नवं नाही. कापडाखाली दोघं एकमेकांचा हात धरतात आणि बोटांनी भाव बोलतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. बाजूच्याला काही कळत नाही. सौदा पटला की कापड झटकायचं आणि हात सोडायचा. सुदामरावांचे वडील मेंढरं असंच विकायचे. मुलगा शिकला, शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला, रिटायर झाला आणि बापाचा सौदा त्यानं चौकात आणून बसवला. याला ते जिवंत कला म्हणतात.

एका रिक्षावाल्यानं त्यांना विचारलं, "चचा, बेचते क्या?"

"कुछ नै."

"फिर भाव कायका?"

"वोइच तो बोलना है. हात दे."

रिक्षावाला हात देऊन इतका वेळ बसला की मागची सवारी उतरून पायी औरंगपुऱ्याला गेली.

माझं कलेशी भांडण नाही. माझा राग पाटीवरून आहे. मी शहागंजात दुसऱ्याच्या दुकानात कूलरच्या चौकटीत गवत भरत होतो. तिथून उठून या कॉम्प्लेक्समध्ये स्वतःचं कूलरचं दुकान घेतलं आणि लांबून दिसेल अशी पाटी लावली. नेमका त्याच सुमाराला कॉम्प्लेक्सच्या मालकाला कलेचा पुळका आला. त्यानं सुदामरावांकडून शिल्प करून घेतलं आणि माझ्या पाटीपुढं उभं केलं. पत्र्याचा, घड्या पाडलेला, दोन माणसं उंच टॉवेल. खालून निघालेली दोन लोखंडी मनगटं. उद्घाटनाचा नारळही माझ्याच हातानं फोडून घेतला.

पैठणकडच्या एका गिऱ्हाइकानं त्या पत्र्यावर थाप मारली. "शेठ, ह्यो मोठा कूलर केवढ्याला?"

"तो कूलर नाही, कला आहे."

"असू द्या. पाणी कुठून भरायचं?"

सुदामराव यावर इतके खूश झाले की त्यांनी त्याला चहा पाजला. गिऱ्हाईक चहा पिऊन तिथूनच परत गेलं.

उन्हाळा तोंडावर आला. कूलरवाल्याचं वर्ष म्हणजे तेवढाच सीझन. पाटी दिसली नाही तर तो गेला. मी मालकाला गाठलं. तो म्हणाला, "सुदामराव हो म्हणाले तर उद्या सरकवतो. पण तुमचं तुम्हीच बोला त्यांच्याशी." मला हसू आलं. मोटरवाल्या कंपन्यांच्या माणसांना मी घाम फोडलेला आहे. एक मास्तर किती टिकणार?

दुपारी जाऊन समोर बसलो. "शिल्प पाच फूट डावीकडं घ्यायचं. बोला."

"तोंडानं नाय, शेठ. हात द्या."

टॉवेलखाली मी सगळा पंजा दाबला.

"नाय पटत. अजून बोला."

चार बोटं धरली. "नाय पटत." तीन धरली. "अजून बोला." लोक जमले. कुणी मोबाईल काढले. माझं डोकं फिरलं.

"अहो मास्तर, तुम्ही तरी एखादं बोट धरा की! समोरचा गप्प, याला सौदा म्हणतात? तुमची मेंढरंसुद्धा यापेक्षा जास्त बोलत असतील!"

लोक हसले. सुदामरावही हसले. हात मात्र तसाच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या माणसानं एकदाही माझं बोट दाबलेलं नव्हतं. त्यांचा हात माझ्या हातात नुसता ठेवलेला होता.

गर्दी पांगल्यावर मी आवाज खाली आणला. "तुमचं मागणं तरी काय आहे?"

"कायच नाय." ते रस्त्याकडं बघत होते. "आमची मंडळी होती तवर घरात हात धरणारं कुणी होतं. लेक पुण्याला हाय, व्हिडीओवर बोलतो. आता पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तो मशीनवाला अंगठा धरून दाबतो, तेवढंच. ते बी वर्षातून एकदा." मग म्हणाले, "सौदा पटला की हात सोडावा लागतो ना, शेठ. म्हणून मी पटू देत नाय."

मी पत्र्यामागच्या पाटीकडं पाहिलं.

"पण तुमचं पोट हाय त्या पाटीवर," ते म्हणाले. "व्हय, घ्या."

आणि त्यांनी पहिल्यांदाच दाबलं. सगळा पंजा. मी तीनवर उतरलो होतो, त्यांनी पूर्ण पाच फूट दिले. मग डाव्या हातानं टॉवेल झटकायला उचलला.

मी टॉवेल तसाच खाली दाबून धरला.

"पाचवर कोण थांबलंय?" मी ओरडलो. "मला सहा पाहिजेत!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिले. मग पार चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सहा? येडे झाले काय शेठ? नाय पटत!"

तो सीझन मी गिऱ्हाइकांना फोनवर "पत्र्याच्या टॉवेलच्या मागं या" असं सांगून काढला. पाटी अजून दिसत नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही. रोज दुपारी जेवण झालं की दुकान बायकोवर सोपवून मी तो काढायला जातो. कधी सात मागतो, कधी नऊ.