सुभेदाराची चकचकीत वाटी

इन्सुलिनची सुई कशी टोचायची हे मला कोणी शिकवू नये. माझ्या सासूबाईंना मी अकरा वर्षं टोचली. सकाळ-संध्याकाळ, आणि माझा हात एकदाही थरथरला नाही. सासूबाई थरथरायच्या, ती गोष्ट वेगळी. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण सुईवरच्या रेघा मोजायला पाचवी लागत नाही.

म्हणून आमची सून मानसी जेव्हा म्हणाली, "आई, आम्ही तीन दिवस नागपूरला लग्नाला चाललोय, तर सुभेदारला त्या मांजरांच्या हॉस्टेलात ठेवते," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"हॉस्टेल? मग मी घरात काय फोटोत आहे का?"

सुभेदार म्हणजे आमचा बोका. वजन सात किलो. आमचे सासरे महूला फौजेत सुभेदार झाले ते बावीस वर्षं घासून. हा सोफ्यावर झोपून झाला. गेल्या दिवाळीनंतर त्याला शुगर निघाली. मी म्हटलं, याला कसली शुगर, याला ना पोरीचं लग्न करायचं ना घराचा हप्ता भरायचा. पण डॉक्टर म्हणाले, आहे. सकाळी दोन रेघा, संध्याकाळी दोन रेघा.

मानसीने जाताना तीनदा सांगितलं, "आई, आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, डॉक्टर विक्रमना फोन करायचा."

"हो गं बाई, बस गाडीत."

गाडीत बसताना ती रडली. माझ्यासाठी नाही, बोक्यासाठी. खोटं कशाला बोलू, ती लग्न होऊन इंदूरजवळच्या राऊतल्या या घरात आली तेव्हा पहिले सहा महिने तिच्याशी धड वागला तो हाच. मी तेव्हा जरा कडक होते. त्यामुळे बोक्याला काही झालं असतं तर सूनबाई तोंडाने काही बोलली नसती, पण जन्मभर माझ्याकडे बघितलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुभेदारापुढे वाटीत उकडलेली कोंबडी ठेवली आणि अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर वाटी चकचकीत. तोंड दिसेल इतकी. मी म्हटलं, शाब्बास रे गड्या, आणि मानेमागची कातडी उचलून दोन रेघा दिल्या. त्याला कळलंसुद्धा नाही.

दहा वाजता साहेब सोफ्यावरून उतरले. उतरले म्हणजे सांडले. मग वरातीतल्या नवरदेवाच्या मामासारखे झुलत निघाले, टेबलाच्या पायाला धडकले, आणि माझ्याकडे असं बघू लागले जणू मी दारावर पापड विकायला आलेय.

मला लगेच कळलं. शुगर चढली. सासूबाईंचं अस्संच व्हायचं. अकरा वर्षांत त्यांची शुगर चढलीच, उतरली कधी नाही, कारण त्या उशीच्या खोळीत जलेबी ठेवायच्या. म्हणजे यानेही कुठेतरी गोड हाणलं. कुठे हाणलं असेल? शेजारी. मी तशीच सुलोचनाबाईंच्या दारात.

"माझ्या बोक्याला जलेबी कोणी दिली?"

"कोणाला?" सुलोचनाबाई पोह्याची बशी हातात घेऊनच आल्या. "गिरिजाताई, तुमचा बोका स्वतःची शेपटी ओलांडताना दमतो, तो माझं फाटक चढून येणार?"

"मग फाटकाखालून दिली असेल."

"जलेबी आमच्या घरी मलाच मिळत नाही. सगळी हे खातात. या, आत येऊन डबा बघा."

मी डबा बघितला. रिकामा होता. तरी माझा संशय काही गेला नाही.

घरी येऊन शुगरचं मशीन काढलं. मानसी करते तसं बोक्याच्या कानाच्या कडेला टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला अडतीस.

अडतीस? सासूबाई कधी अडीचशेच्या खाली आल्या नव्हत्या. हा तर पहिल्या नंबराने पास. मग हा असा दारू प्यायल्यासारखा का? मशीन बिघडलं असेल म्हणून मी आमच्या यांना हाक मारली आणि त्यांनी काही विचारायच्या आत त्यांच्या बोटाला टोचलं.

"अगं, मला कशाला?"

"गप्प बसा. एकशे चार. मशीन ठीक आहे."

मशीन ठीक, हे ठीक, शुगर इतकी कमी म्हणजे उत्तमच, आणि बोका पाय पसरून फरशीला गाल लावून पडलेला. माझं डोकं चालेना. शेवटी मी ठरवलं की शुगर आत कुठेतरी दडून बसली असणार, मशीनला दिसत नसेल. सुई भरली. फक्त एक द्यावी की दोन, एवढं विचारायला डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर भिया, शुगर अडतीस आहे, बोका झुलतोय. एक रेघ देऊ की दोन?"

"माँजी, सुई खाली ठेवा." इतक्या हळू आवाजात कोणी बोललं की मला भीती वाटते. "एकही नाही. ठेवली?"

"ठेवली."

"त्याची शुगर फार खाली गेलीय. घरात शहद आहे?"

"शहद? शुगरच्या पेशंटला? तुम्ही डॉक्टर आहात की हलवाई?"

"माँजी, आत्ता साखर नाही गेली तर त्याला झटके येतील. जीव जाईल. शहद नसेल तर साखर थोड्या पाण्यात कालवा, बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतायचं नाही, ठसका लागेल. आणि मला सांगा, सकाळी खाल्लं होतं ना त्याने?"

"खाल्लं म्हणजे? वाटी चाटूनपुसून साफ होती."

आता इथे आमचे हे खाकरले. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला या खाकरण्याचा अर्थ पाठ आहे.

"बोला," मी म्हटलं.

"ते... तू अंघोळीला होतीस तेव्हा कचरागाडी आली होती."

"मग?"

"वाटी भरलेली होती. त्याने तोंडच लावलं नव्हतं. तूच म्हणतेस ना, गाडी गेल्यावर घरात उष्टं दिसता कामा नये. ओल्या कचऱ्यात टाकलं. आणि वाटी घासून ठेवली." मग जरा थांबून, "राखेने."

आता बाहेरगावच्यांना सांगते, आमच्या इंदूरात गाडीचं गाणं ऐकू आलं की माणूस हातातला घास ठेवून डबा उचलतो. ओलं एकीकडे, सुकं एकीकडे. आणि आमच्या घरात हा नियम कोणी लावला, ते मला नका विचारू.

मी तोंड उघडलं, पण फोनमधून आवाज आला, "माँजी, भांडण बाद में. पहले साखर."

साखर कालवली. यांनी बोक्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं. ज्या हाताने अकरा वर्षं सासूबाईंच्या हातातली साखर हिसकावली, तोच हात मी बोक्याच्या तोंडात घातला आणि हिरडीला पाक चोळला. काही नाही. परत चोळला. डोळे काचेच्या गोट्यांसारखे, कुठेच न बघणारे. मला मानसीचं गाडीतलं तोंड दिसायला लागलं.

"सुभेदार," मी म्हटलं, "अरे बाबा, ती परवा येईल. मी तिला काय सांगू?"

यांनी माझ्याकडे बघितलं. माझा असा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

मग जीभ हलली. खरखरीत. माझं बोट चाटलं एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा चावलं. इतकं छान वाटलं मला ते चावणं.

पंधरा मिनिटांनी मशीनवर बहात्तर आले. त्याने चार घास कोंबडी खाल्ली, मी समोर बसून प्रत्येक घास मोजला. मग रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टर विक्रमनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, ते सांगतील तोवर सुई बंद केली, आणि निघताना मला म्हणाले, "माँजी, वाटी नका बघू. तोंड बघा."

आम्ही रिक्षाने परत निघालो. मग हे म्हणाले, "मानसीला वाटीचं सांगणार आहेस का?"

"तुम्ही त्या दुसऱ्या सुईचं सांगणार आहात का?"

"कुठली सुई?" हे म्हणाले.

"कुठली वाटी?" मी म्हटलं.

मानसीला आम्ही सांगितलं की बोक्याने खाल्लं नव्हतं, आमच्या ध्यानात आलं नाही, डॉक्टरांना फोन केला. यातला एकही शब्द खोटा नाही. तिने बोक्याला पोटाशी धरलं, आणि मग, पाच वर्षांत पहिल्यांदा, मलाही.

आता सकाळी सुभेदार खायला बसला की समोर आम्ही दोघंही बसतो. मी यांच्यावर नजर ठेवून, हे माझ्यावर. मानसी स्वयंपाकघरातून बघते आणि फोनवर आपल्या आईला सांगते, आई-बाबांचा बोक्यावर केवढा जीव जडलाय.

सांगू दे बिचारीला.