पहिले ठोके धरायचे नाहीत

जयपूरला आमच्या घरी मिक्सर लावायचा, तर आधी वरच्या मजल्यावरच्या दामलेसरांना विचारावं लागे. न विचारता लावला, तर सर गॅलरीतून वाकून माझ्या बायकोला म्हणत, "वहिनी, चटणी खलबत्त्यात नाही का व्हायची? पेशी चालू आहे."

ही पेशी माणसाच्या हृदयातली, पण ती धडधडायची सरांच्या कॉम्प्युटरवर. सर मूळचे सांगलीचे, इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. पेशीत वीज कशी उसळते, कॅल्शियम कुठून येतं नि कुठे साठतं, याची गणितं मांडून ते त्या डबड्या मॉनिटरवर ठोके उमटवत. एकेका गणिताला अख्खी दुपार लागे. मध्येच व्होल्टेज पडलं, की "गेली बिचारी" म्हणत आणि त्या दिवशी ताटावर बसायला तयार नसत.

उन्हाळ्यात वीज जाई तेव्हा इन्व्हर्टर कॉम्प्युटरला आणि हातपंखा त्यांच्या बायकोला, काकूंना. "सवत एका पेशीची आहे, म्हणून चालवून घेते," काकू म्हणत.

आमच्या चौकीदाराला, रामजीलालला, ते हृदयाचे डॉक्टर वाटत. "डाक्टरसाब, छाती में धक-धक हो री है," म्हणत तो वर जाई. सर गंभीरपणे सांगत, "भैया, मैं एक कोशिका समझता हूँ. तुम्हारे पास तो करोड़ों हैं."

मला मात्र त्यांनी नळाच्या पाण्यावर सगळं समजावलं. "सकाळी पाणी आलं की टाकी भरता, लागेल तेव्हा सोडता. पेशीतही कॅल्शियमची टाकी असते. ठोक्याला सोडायचं, लगेच परत भरायचं. आता कॉक गळका असला तर? भलत्या वेळी पाणी. मतलब, भलत्या वेळी ठोका."

नवी पेशी सुरू केली, की आधी ती वेडीवाकडी धडधडते आणि मग स्थिरावते. म्हणून सुरुवातीचे ठोके हिशेबात घ्यायचे नाहीत, ही त्या कामाची रीत. सरांनी ती सगळ्या जगाला लावली होती. विम्याच्या नोकरीत बदली होऊन आलो तेव्हा झालाना भागातल्या ऑफिसात माझ्या हिंदीला सगळे हसत, मी रडकुंडीला आलो होतो. सर म्हणाले, "पहिले ठोके धरायचे नाहीत." नवी बाई भांडी खरकटी ठेवायची, तरी तेच. नव्या जावयाबद्दल कुणी कुरकुरलं, तरी तेच.

मग आम्हाला मुलगी झाली. ऐन मे महिना. तपासताना डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. बाळाचे ठोके मधूनच चुकत होते. म्हणाले, बहुतेक आपोआप सरळ होतील, पण लक्ष ठेवा. दूध प्यायचं सोडलं किंवा ओठ निळे पडले तर तडक घेऊन या.

घरी आलो तर वीज गेलेली. मी वर धावलो. खरं सांगतो, मला सरांचं ते वाक्य ऐकायचं होतं. सगळं सांगून मीच म्हटलं, "पहिले ठोके धरायचे नाहीत, हो ना सर?"

चालू गणित तसंच सोडून सरांनी कॉम्प्युटर बंद केला, इन्व्हर्टरची वायर आमच्या खिडकीत सोडली, पाळण्याजवळ पंखा लावला आणि बाळाच्या दंडावर दोन बोटं ठेवून बसले.

"सर, तुमची पेशी?"

"ती पुन्हा सुरू करता येते," सर म्हणाले.

स्वयंपाकघरात काकूंनी माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "आमचीही होती गं एक. बारशापर्यंत राहिली नाही. सुरुवातीला असं होतंच, असं कुणीतरी म्हणालं आणि ह्यांनी ते मानलं." ते मला दारातून ऐकू आलं. रोज एक पेशी जगवत बसणाऱ्या या माणसाला आम्ही इतके दिवस हसत होतो.

त्यानंतर सर रोज खाली येऊन बसत. हळूहळू ठोके सरळ झाले, डॉक्टरांनीही काळजी सोडा म्हणून सांगितलं, आणि आम्ही लांबवलेलं बारसं केलं. आत्या इतक्या लांब येणार कुठून, म्हणून बाळाच्या कानात नाव काकूंनी सांगितलं.

सर पाळण्याशीच होते, बोटं दंडावर. आतून बायकोने सवयीने विचारलं, "सर, चटणी वाटायचीय. मिक्सर लावू का?"

"खुशाल लावा," सर म्हणाले. "चालू आहे."